गुडघा

पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले रूबेनमामा आवसकर
स्टेशनाबाहेर बशीतून चहा पिताना एकदा अप्पांना म्हणाले,
आमच्या जुन्या भाषेत आशीर्वाद आणि गुडघा
एकाच घरातले शब्द. तळंसुद्धा त्यांच्याच नात्यातलं.
उंट पाण्यापाशी आला की आधी गुडघे मोडतो, बघ.

अप्पांनी उंट फक्त गड्ड्याच्या जत्रेत पाहिलेला,
पाठीवर पोरं, तोंडाला फेस.
गुडघे मात्र त्यांना ठाऊक होते.
एकतीस वर्षं मागाखाली बसून दोन्ही वाट्या झिजलेल्या.
चर्चमध्ये सगळे टेकायचे, तेव्हा हे एकटे उभे.
"त्याला माहीत आहे," म्हणायचे, "माझं कुठं दुखतं."

मामा पुढं म्हणाले,
देव माणसाला देतो तो हाच शब्द,
माणूस देवाला देतो तोही हाच.
मराठीत वर जाताना त्याची स्तुती होते,
खाली येताना आशीर्वाद.
अप्पा बशी संपेपर्यंत गप्प. मग म्हणाले,
म्हणजे आपली चादरच की.
या अंगानं मोर पांढरा, जमीन लाल,
त्या अंगानं मोर लाल, जमीन पांढरी.
धागे तेच. उलटी बाजू कुठली, ते पांघरणाऱ्यानं ठरवायचं.
मामा हसले. राखेत बसून अंग खाजवणाऱ्या त्या माणसाला
बायको जे बोलली ना, तिथंही हाच शब्द आहे,
शाप लिहायला लिहिणाऱ्याचा हात धजेना म्हणून.

शांतवन मस्कतला निघाला त्या रात्री
कुमठा नाक्यावर लाईट गेलेली.
तो रिक्षा बघायला बाहेर.
त्याचं जाकीट बॅगेत मावेना, म्हणून मी अंगात घातलेलं,
स्टेशनापर्यंत.
अप्पांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकलेला.
त्यांनी हात पुढं केला, बाही चाचपली,
आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

मी बोलायला हवं होतं.
पण असा हात, पूर्ण वजनाचा,
माझ्या डोक्यावर कुणी ठेवलाच नव्हता कधी.
मी वाकले.
त्यांनी सगळं दिलं. वाटेतलं पाणी, परक्या दारात मान,
हत्याराला धार, उशीला झोप,
आणि परत येण्याइतकी आठवण.
मग हॉर्न. शांतवन धापा टाकत आत आला.
"अप्पा, प्रार्थना?"
"झाली की रे," अप्पा म्हणाले.

त्या जुन्या गोष्टीतल्या आंधळ्या बापाला
धाकट्यानं करडाचं कातडं बांधून फसवलं.
मी तर थोरली. आणि मुद्दाम काहीच पांघरलं नव्हतं.
तरी सात वर्षं, उपदेशात ती गोष्ट निघाली
की मी खाली चपलांकडं बघत बसायची.

परवा सांगून टाकलं,
त्यांच्या गुडघ्यांना करडईचं तेल चोळताना.
अप्पा म्हणाले, "सुवार्ता,
तुटलेली तार मी अंधारात बोटांनी शोधायचो.
दोन वेण्यांमधला भांग मला कळणार नाही?"

मग शांतवनला काय दिलंत, मी विचारलं.
ते बोलले नाहीत.
माझ्या तळव्याखाली वाटी हलली,
तळ्याच्या पायरीवरचा सैल दगड हलावा तशी.

आज रविवार. मस्कतहून फोन आला.
अप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला,
कानाला लावलाच नाही,
गुडघ्यावर ठेवला
आणि वरून पंजा ठेवला. पूर्ण वजनाचा.
डोळे मिटलेले. ओठ हलतायत, हलतायत.
हाताखालून शांतवनचा दबलेला आवाज,
हॅलो? अप्पा?
काही ऐकू येत नाहीये.
हॅलो?