खरकट्यावरून

केवळराम परतला तेव्हा सातऱ्यावर
मिरची नुकतीच उतरली होती.
आम्ही पंधराजणी देठ खुडत बसलेलो,
नाकाला पदर, डोळ्यांना धार.
तो काट्याजवळच्या पोत्यावर टेकला
आणि पुण्याचं खाणं सांगू लागला.

अकरा वर्षं, नऊ हॉटेलं,
सगळीकडे जागा एकच :
मागचं दार, मोरी, नळ.
"मेनूकार्ड मी कधी उघडून नाई पाह्यलं, वो बाई.
मी खरकटं वाचलं."

चायनीजच्या बशीला मक्याच्या पिठाची खळ,
थंड झाली की लुगड्याला लावावी अशी.
इराण्याच्या कपात तळाशी साखर,
घाईतल्या माणसानं न ढवळलेली.
इटलीवाल्याचं चीज तारेलाही दाद देईना,
त्याला नखं लागत, आणि शिव्या.
केरळ्याकडे केळीचं पान,
त्या चार महिन्यांत हाताच्या भेगा बुजल्या.
जपान्याकडे काही उरतच नसे,
फक्त एक हिरवा गोळा परत येई.
एकदा त्यानं तो चटणी समजून तोंडात टाकला.
"आपली मिरची जिभेवर भांडते.
ते नाकातून मेंदूत जाते,
अन् उतरून जाते. राग नाई धरत."
हसता हसता पर्बताबाईनं
मिरचीचा हात डोळ्याला लावला,
मग थोडा वेळ सगळं तिच्याच डोळ्यांचं चाललं.

भांडण कुठल्या टेबलावर झालं तेही त्याला कळे :
दोन ताटं भरलेली, दोन गिलास रिकामे.

मी विचारलं, "बसून खाल्लं का कधी?"
तो देठांच्या ढिगाकडे बघत राहिला.
"आमचं जेवण साडेतीनले. वरणभात. उभ्यानं."
मग खिशातून चार बिया काढल्या,
बोराच्या आठोळीपेक्षा लांबट.
जैतून म्हणे.
धुऱ्यावर पुरल्या, पोळ्यापर्यंत पाणी घातलं.
मास्तर म्हणाले, मिठात मुरलेली बी उगवत नाही.
त्यानं ऐकून घेतलं आणि पाणी घातलं.

गुरुवारच्या बाजारात हप्ता मिळाला
तर आम्हा तिघीचौघींना त्यानं
सुगंधाबाईच्या खानावळीत नेलं.
लाखोळीच्या डाळीचे वडे, पोपटीच्या शेंगांची भाजी, भात.
तो बाकड्यावर मांडी घालून बसला,
सगळ्यात हळू जेवला,
आणि उठला तो आमचीही ताटं गोळा करून
सरळ मोरीकडे.
"ठेव ना गा खाली," सुगंधाबाई ओरडली,
"पैसे देल्ले ना तुनं?"

नळ सुरू झाला होता.
माझं ताट उजेडात तिरपं धरून तो म्हणाला,
"तुले सांबार नाई आवडत.
एक एक पान काठाले लावून ठेवलं."

बावीस वर्षं झाली या घरात येऊन,
रोज भाजीवर सांबार पडतो,
मीच चिरते, मीच घालते.

मी म्हटलं, गपचूप घास.