तिसरा स्टड

थंड असताना बोलते,
तापली की गप्प.
निंबर्गी सरांची फियाट, छासष्टची, दुधी रंगाची.
सर म्हणाले, येमूल, मला तर काहीच ऐकू येत नाही,
पण मिसेस म्हणतात, शिलाई मशीन चालल्यागत वाजतंय.

मिसेसचं बरोबर होतं.
रबरी नळीचं एक टोक कानात,
दुसरं मॅनिफोल्डच्या कडेकडेनं फिरवलं.
तिसऱ्या स्टडपाशी टिक् टिक् टिक्
आणि हेडवर काजळीची जीभ, बोटभर.

धातू तापून फुगतो, फट बुजते, आवाज मरतो.
म्हणून गाडी बघायची ती सकाळी,
रात्रभर उभी राहिलेली,
कुणी किल्ली फिरवायच्या आधी.
दस्तगीर उस्तादांचं शिकवणं.

अक्कलकोट रोड, मे महिना, वर पत्रा.
साडेदहालाच पाना हातात धरवत नाही,
श्रीशैल ओल्या फडक्यात गुंडाळून देतो.
शेजारच्या शेडमध्ये टॉवेलचे माग,
त्यांच्या खडखडाटात आमचं निम्मं बोलणं हातवाऱ्यांचं.

रात्रीच तेल सोडून ठेवलं होतं.
दोन नट एकमेकांवर आवळायचे,
खालच्याला पाना लावून उलटं फिरवायचं.
कुरकुरत निघाले एकेक.
पाचव्याला ज्योत दाखवावी लागली, वर मेणाचे थेंब.
तिसऱ्याला पानाच लागला नाही.
दोन बोटांनी आला,
पडायला टेकलेल्या दुधाच्या दातासारखा.

त्याच्यासोबत एक तार.
चपटी, वळसे घातलेली, जळून निळी पडलेली.
श्रीशैल म्हणाला, कुठल्या गाढवानं केलंय हो हे?

मी तार उन्हात धरली.
फणीची तार. मागाच्या फणीची.

पंधरा वर्षांचा होतो.
अल्युमिनियमचं हेड, आणि दंडात नुकतीच आलेली ताकद.
उस्ताद जुम्म्याच्या नमाजला गेलेले.
मी एक फेरा जास्त दिला.
हाताला आधी कळलं, मला नंतर:
घट्ट, घट्ट, आणि एकदम लोणी.
आटे गेले.
धावत घरी, वडिलांच्या जुन्या फणीतली एक काडी मोडली,
भोकात वळवून बसवली, वर शेलॅक, वर नट.
उस्तादांनी परत येऊन बोट फिरवलं,
शाब्बास म्हणाले, चहा पाजला.

त्या शाब्बासवर मी चौतीस वर्षं काढली.
उस्ताद आता मोदीच्या कब्रस्तानात.

पुण्याहून हेलिकॉइल मागवली.
पाकीट फोडलं तर हसूच आलं,
तीही तारेची गुंडाळीच.
फक्त आधी भोक मोठं करायचं,
नवे आटे पाडायचे, मग बसवायची.
तेवढंच मी केलं नव्हतं.

टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.
तुटलेला ताणा जोडताना वडील पुटपुटायचे
मेल्लगा, मेल्लगा.
घरात तेलुगू, उस्तादांशी दखनी, गिऱ्हाइकाशी मराठी,
पण हळू हा शब्द माझ्या हाताला
अजून तेलुगूतच कळतो.

नवी गॅस्केट. पितळी नट.
मधून सुरुवात, मग बाहेर, आलटून पालटून.
श्रीशैलला म्हटलं, तू आवळ.
त्याचा दंड फुगला तसा मनगटावर हात ठेवला.

गाडी चालू केली, थंडच होती.
आवाज नाही.
सर बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले,
कानाचं काम हल्ली ते हातानं करतात.

बिलात सात स्टड लावले.
सरांनी चष्मा वर करून मोजलं, म्हणाले, आठ होते ना?
मी म्हणालो, तिसरा माझाच होता सर. मीच बिघडवला होता.
काय? मोठ्यानं बोला.
शेजारी माग चालू होते.

उद्या सकाळी या, मी ओरडलो,
थंड असताना
एकदा परत आवळायला लागतं.