बरणीतला ढग

खांडिगा सोडताना बाह्यलायने
डिझेलची एक बरणी भरून
आरशाच्या दांडीला तारेने बांधली.
लोणच्याची बरणी. काकडीचं चित्र अजून चिकटलेलं.
म्हणाला, पावतीचं काय घेऊन बसलीस,
'हिवाळी' लिहायला नुसती शाई लागते.
रस्ता मी बघतो, कुन्नेय.
तू बरणी बघ.

उणे एकेचाळीस.
आभाळ घासल्या ताटासारखं, लख्ख.
आणि मी, सव्वीस वर्षांची, मेकॅनिकचा दाखला खिशात,
बॅटरीच्या उजेडात काकडीच्या चित्रामागचं
पिवळं पाणी राखत बसलेली.

बरणी टाकीच्या आधी थिजते.
तेवढ्यासाठीच तिला बाहेर वाऱ्यावर टांगायचं.

पाणी गोठतं.
गोठताना फुगतं, तडकतं, नळ फोडतं,
साऱ्या गल्लीला कळवून गोठतं.
डिझेल थिजतं.
मुकाट. आधी नुसतं धुकं,
मग मेणाचे कण, एकमेकांना चाचपत,
मग फिल्टरच्या जाळीवर येऊन बसतात
लग्न उरकल्यावरच्या पाहुण्यांसारखे,
उठायचं नाव नाही.
इंजिन दोनदा खोकतं.
तिसऱ्यांदा खोकायला
त्याच्यापाशी काही उरलेलं नसतं.

न्यूकूस असाच अडकला होता, बाह्यलाय सांगतो,
ह्याच उतारावर, गाडी बंद पडल्यावर
रॉकेलचे दोन डबे टाकीत रिकामे केले त्याने.
थिजलेल्यात रॉकेल मिसळत नाही,
वरच्या वर तरंगत राहतं, परक्यासारखं.
आधी घालायचं असतं. आधी.
डाव्या हाताची तीन बोटं देऊन सुटला.
आता बॉयलरघरात कोळसा मोजतो,
ओळखीचा ट्रक दिसला की उजवा हात हलवतो.

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग तो म्हणाला, माझ्या थोरल्याशीसुद्धा मी…
आणि काच पुसली.
मी वाट पाहिली. एक पूल गेला, दुसरा गेला.
तो म्हणाला,
बरणी?

थंडी जड असते. डोंगरावर थांबत नाही,
घरंगळत खाली येते आणि दरीत बैठक मारते.
पहाटे तीनला आम्ही तिच्या बैठकीत उतरलो
आणि चित्रातल्या काकडीमागे
एक ढग आला.
साऱ्या मुलखात तेवढाच एक.
नखाएवढा.

थांबलो. इंजिन चालूच.
(बंद करायचं ते एप्रिलात.)
सीटमागे उबेला ठेवलेलं रॉकेल, साठ लिटर,
फनेलमधून टाकीत. फनेल धरणारी मी,
डबा उचलणारा तो, सत्तावन्न वर्षांची कंबर
आणि तोंडात एक शिवी, जी इथे लिहीत नाही.
मग टाकीभोवती ताडपत्री,
धुराड्याला जोडलेली पत्र्याची नळी तिच्या आत,
म्हणजे ट्रक आपल्याच उच्छ्वासाने
आपलं पोट शेकत राहतो.
एक हातमोजा टोपणाला चिकटून बसला. सोडून दिला.
नवा फिल्टर मी पोटाशी धरून ठेवला होता, कोटाच्या आत,
तान्ह्या पोरासारखा.
तो बदलला.
इंजिन एकदा खोकलं.
आम्ही दोघं तसेच उभे.
दुसऱ्यांदा खोकलं नाही.

क्युब्युमेच्या खाणावळीत उजाडलं.
मी बरणी आत आणली, टेबलावर पालथी धरली:
थेंब पडेना.
चहा ओतणारी मात्र्योना म्हणाली,
लोणी कुणाचं? गाईचं की घोडीचं?
बाह्यलाय हसला. या फेरीत पहिल्यांदाच.
म्हणाला, खांडिग्याच्या दुकानदाराचं.
परतताना त्याच्या गल्ल्यावर ठेवणार आहे, असंच पालथं.

मी काही बोलले नाही.
मला त्याचं दुकान आठवत होतं,
लाल झालेली शेगडी, बाकावर झोपलेलं मांजर.
तिथे पोचून पाव तास झाला
की बरणी कडेकडेने सुटत जाईल,
पिवळी, नितळ, निरागस,
आणि तो चश्मा वर करून विचारेल,
यात वाईट काय आहे?