निळी झाक

कमाल चौकातल्या डोर्लीकर स्टुडिओत
मी मॉनिटरपुढे असतो, अकरा ते नऊ.
कूलरचं पाणी दुपारीच संपतं
आणि मे महिन्याचं ऊन काचेतून आत येऊन
पासपोर्टवाल्या पोरांना हळद लावून जातं.
मी ऑटो दाबतो. हळद उतरते.

आज सुकेशिनीबाई गजभिये आल्या.
पिशवीत रुमाल, रुमालात एक फोटो.
लग्न, ब्याण्णव साल,
निळ्या ताडपत्रीचा मांडव.
वर ऊन, म्हणून खाली सगळंच निळं :
नवरीचं पांढरं पातळ, बुंदीची परात,
हसणाऱ्यांचे दात,
आणि बांबूला टेकून उभा नवरीचा भाऊ.
"नारबाचा एवढाच एक फोटो आहे, भाऊ."

स्कॅन केला. ऑटो दाबलं.
पातळ दुधासारखं झालं, परात पितळेची,
ताडपत्री राखाडी.
यंत्राचा हिशेब साधा आहे :
जगातले सगळे रंग एकत्र घोटले
की राख उरली पाहिजे.
एखादा रंग जास्त दिसला
तर कुणाचं तरी चुकलंय.

मी खुशीत स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.
बाई बराच वेळ बघत राहिल्या.
"हे कोनाचं लगन होय?
ताडपत्री यानं इतवारीतून सायकलवर आनली होती.
दुकानदार पिवळी देऊन राहिला होता, धा रुपये कमी.
हा म्हने, निळीच पायजे."

मेनूत त्या बटणाचं नाव आहे
रिमूव्ह कलर कास्ट.
पहिल्या दिवशी मी ते मोठ्यानं वाचलं
तेव्हा डोर्लीकर काका हसले होते,
"तो कास्ट नाही रे. कास्ट म्हणजे इथं झाक."
मीही हसलो होतो.
खिशात सर्टिफिकेटच्या अर्जाची पावती होती,
घामानं मऊ झालेली.

मी मागे गेलो, एक पायरी.
निळा परत आला, ताडपत्री फुगल्यासारखा.
"तोंड तेवढं दिसू द्या त्याचं," बाई म्हणाल्या.
मग हातानंच केलं.
कपाळावर थोडा उजेड, डोळ्यांखाली थोडा,
मिशीला हात लावला नाही.
पाऊण तास गेला. काका दोनदा खाकरले.

प्रिंट दिली तर मशीन म्हणतं,
निळी शाई संपत आली आहे.
मी काडतूस काढलं,
कानाशी धरून हलवलं,
पुन्हा बसवलं.