चौथी कळी

मार्चमध्ये तिकडची परीक्षा संपवून,
जिन्याखाली सायकलला कुलूप घालून,
उरलेला अर्धा कोबी शेजारच्या व्हिएतनामी मुलीला देऊन
मी आसोलीत आले आहे सतरा दिवसांसाठी.
पर्समध्ये अजून भोकाची नाणी खुळखुळतात.
त्यातलं एक रोशनने करगोट्यात ओवायला मागून घेतलं.

पहाटेचे पाच.
सुरंगीखाली जुन्या साड्या जोडून अंथरल्यात.
वर फांद्यांत रोशन दिसत नाही,
त्याच्या कपाळावरची बॅटरी दिसते,
आणि मध्येच झाड ओरडतं, "मुंगळे गो आये!"
मग टपटप, टपटप.
मी, आई आणि जयवंतीकाकी खाली बसून वेचतो.
मिटलेली तेवढी टोपलीत.
ऊन चढायच्या आत वेंगुर्ल्याच्या बाजारात वळेसर पोचायला हवेत.

काकी विचारते, थंय काय करतंस गो दिवसभर?

काय सांगू?
तोयामात माझी खोली साडेचार चटयांची.
मंगळवारी जळणारा कचरा, शुक्रवारी न जळणारा,
बाटलीचं बूच वेगळं, तिच्या अंगावरचा कागद वेगळा.
दिवसा मासळीच्या शीतगृहांचा अभ्यास,
रात्री डब्यांच्या कारखान्यात पट्ट्यावरून भात येतो
आणि मी त्याच्या बरोब्बर मधोमध
एक खारवलेलं लाल फळ ठेवते.
तेवढंच काम.
चार तासांत तीन हजार दोनशे भात.
चव आमसुलाच्या लांबच्या नात्यातली.
पहिल्यांदा चाखलं तेव्हा
टोपीजाळीच्या आत मी रडले होते थोडी,
पट्टा थांबत नाही म्हणून एका हाताने.

काकीला एवढंच सांगते: शिकतंय, आणि डबे भरतंय.

आणि फुलां?
आहेत ना. नदीकाठी चेरीची रांगच्या रांग,
मागे बर्फाचे डोंगर.
कुठल्या गावात कधी फुलणार ते टीव्हीवर सांगतात,
आपल्याकडे वादळ सांगतात तसं.
लोक झाडाखाली निळी ताडपत्री घालून बसतात, जेवतात.
गेल्या वर्षी एका आजोबांच्या डब्यात
मधोमध लाल फळ होतं.
मी बघत राहिले. माझ्या हातचं असेलही.
मग एका फांदीला नाक लावलं.
वास नव्हता.
हात आपोआप वर गेला खुडायला, सवयीने.
घरमालकीण मोरिशिताबाई काही बोलल्या नाहीत,
फक्त माझ्या हाताकडे पाहिलं.
हात खिशात गेला तो घरी येईपर्यंत तिथेच.

"खुडूचा नाय?" काकीची बोटं थांबतात.
"वास नाय?"
नाही.
"फळ तरी धरता?"
त्या झाडांना नाही.
"मगे लावतत कित्याक?"

आई हसते. मीही.
पण उत्तर शोधायला गेले तर सापडेना,
मराठीत नाही, त्यांच्या भाषेत नाही,
आणि काकी खरंच वाट बघत होती.

फोन उजळतो. मोरिशिताबाईंचा फोटो:
काळी ओली फांदी, टोकाला गुलाबी ठिपके.
खाली लिहिलंय, अजून नऊ दिवस.
मी पोचेन तेव्हा पाकळ्या गटारातून वाहत असतील.
काकी फोटो लांब धरून बघते.
"बरी आसत," म्हणते, "पन थंडी वाजता असात त्येंका."

उजाडतंय. मधमाश्या आल्या.
आता घाई. मी मोजत वेचते,
इचि, नि, सान,
आणि अडखळते.
चारला तिकडे दोन नावं आहेत.
एकाचा उच्चार मरणासारखा, म्हणून लोक जपून वापरतात.
कुठलं म्हणावं?
कळी तळहातावर घेऊन बसले तेवढ्यात
तिने पाकळ्या मागे टाकल्या,
आतले पिवळे केसर सुटे झाले
आणि वास आला, एकदम, हाक मारल्यासारखा.

मी ती गुपचूप टोपलीत टाकायला गेले.
काकीने मनगट धरलं.
"उमल्लेला बाजारात कोण घेना नाय.
ता तुजा. घाल केसात."