उजवं मनगट

गाडी विकली, हे मी कुणाला सांगितलं नाही.
विचारलंच तर म्हणायचो, गुडघा धरतो हल्ली.
गुडघा ठणठणीत आहे.

सव्वीस वर्षं समडोळी, दुधगाव, कवठेपिरान,
मागं बांधलेला नायट्रोजनचा कॅन,
झाकणातून थंड धूर सोडणारा.
पोरं ओरडायची, आला बर्फाचा डॉक्टर!
मी डॉक्टर नव्हतो. म्हशी मात्र ओळखायच्या
गाडीचा आवाज,
आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीला सरकायच्या.

रस्त्यातला खड्डा अन् खड्डा पाठ होता:
मगदुमांच्या मळ्याजवळचा, ओढ्याच्या अलीकडचा,
आणि तो एक, जो दरसाल जागा बदलायचा
भाडेकरूसारखा.
खड्ड्यांचं भय नव्हतं कधी.

डिसेंबर. कारखाना जोरात.
पायगोंडाच्या गाईची वेळ साधून परतत होतो,
रात्रीचे साडेअकरा.
समोरून ट्रक आला, डोळ्यांत दिवे ओतून गेला,
आणि मागं राहिलेला अंधार
नेहमीपेक्षा जाड होता.
त्या अंधारातच ऊस होता.
टायर फुटलेली ट्रॉली, रस्त्यातच उभी,
मागं ना दिवा, ना फांदी, ना दगड.

ब्रेक दाबला का, आठवत नाही.
आठवतं ते पाचटीचं एक पातं,
हेल्मेटच्या उघड्या काचेतून आत आलं
आणि गालावर बारीक रेघ ओढून थांबलं,
मास्तर चुकलेल्या गणिताखाली ओढतात तशी.
इंजिन बंद. उसाचा गोड वास.
ट्रॉलीखाली ड्रायव्हर झोपलेला,
छातीवर मोबाईल, त्यात कुणीतरी हसत होतं.

घरी सांगितलं, बाभळीचा काटा लागला.
पद्मावतीनं हळद दाबली आणि म्हणाली,
बाभळ कधीपासनं पट्टी घेऊन रेघा मारायला लागली?
मग आठ दिवस काही बोलली नाही.
नवव्या दिवशी मी किल्ली फडताळात ठेवली,
मेथीच्या डब्यामागं.

गाडी घ्यायला आला दुधगावचा शीतल. वय वीस.
त्याला ब्रेक दाखवले, टायर दाखवले,
थंडीत चोक किती ओढायचा ते दाखवलं,
हेल्मेट फुकट दिलं.
त्यानं ते आरशाला अडकवलं
आणि केस उडवत गेला.
वळणापर्यंत हेल्मेट डुलताना दिसत होतं,
माझंच मुंडकं नेल्यासारखं.
पैसे हातात होते. मोजले नाहीत.
मी धोका टाकला म्हणायचा,
का नुसता पुढं सरकवला?

त्यातलेच थोडे घेऊन सांगलीत उतरलो,
लाल रेडियमची गुंडाळी घेतली.
कारखान्याच्या काट्याबाहेर ट्रॉल्यांची रांग.
धूळ पुसायची, पट्टी लावायची, अंगठ्यानं दाबायची.
एक मुकादम म्हणाला,
काका, निवडणुकीला उभं राहताय व्हय?
दुसरा म्हणाला, चिन्ह तरी सांगा!
बीडकडचा एक ड्रायव्हर काहीच बोलला नाही.
विडी विझवली
आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.
माझा हात थरथरतो, त्यामुळं सगळ्या पट्ट्या
डावीकडं उतरत्या.

आता एसटीनं जातो. खिडकी मिळाली तर बरं.
परवा तुंगच्या पुढं, दिवस बुडाल्यावर,
समोरच्या काचेत लांबवर काहीतरी लाल चमकलं,
डावीकडं उतरतं.
ड्रायव्हरनं वेग कमी केला, बाहेर पिंक टाकली,
ट्रॉलीच्या बाजूनं गाडी काढली.
कंडक्टर चिल्लर मोजत होता.
मागं एक बाळ रडत होतं, ते रडतच राहिलं.

पुढच्या सीटच्या दांडीवर
माझं उजवं मनगट त्याच्याही आधी वळलं होतं,
एक्सलेटर सोडल्यासारखं.
शेजारचा माणूस बघत होता.
काय पाव्हणं, हात धरला का?
म्हटलं, नाही.
गाडी विकली.