हनोख तळकर, बाइंडर, चरई

बाहेरगावी नुसतं ‘ठाणे’ म्हणालो
की समोरचा हसतो, विचारतो,
कधी सोडलं तुम्हाला?
मीही हसतो. साठ वर्षं झाली,
अजून कुणी सोडलं नाही.

साडेसात बाय नऊच्या माझ्या दुकानात
हे शहर कागदानं येतं.
कोर्टाचा माणूस येतो कपाळाला आठी घेऊन.
तुरुंगाचा शिपाई कामतेकर सायकलवरून,
किल्ल्याच्या भिंतीची ओल
त्याच्या वह्यांना तशीच चिकटलेली.
कोपिनेश्वराच्या अभिषेकाची पावतीपुस्तकं,
वागळे इस्टेटीतल्या कारखान्यांचे मस्टर,
ज्यांत दर महिन्याला सह्या कमी, लाल रेघा जास्त.
आणि आमच्या टेंभी नाक्याच्या सिनेगॉगची जन्ममृत्यूची वही.
तिचे पैसे मी घेत नाही.
तिच्यातही आताशा जन्माचीच पानं कोरी.

शनिवारी दुकान बंद, हे सगळ्यांना ठाऊक,
म्हणून शुक्रवारी दुपारी सगळेच घाईत,
‘हनोखशेठ, आजच्या आज!’
खळ कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
मैदा, मोरचूद, मंद आच.
वाळायला लागतो तेवढा वेळ लागतोच,
जामिनाचा कागद असो
नाहीतर जावळाची पावती.

बाइंडरनं वाचायचं नसतं.
वडलांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं,
पान मोज, अक्षर बघू नकोस.
पाळलं मी,
ब्याण्णवच्या श्रावणापर्यंत.

त्या आठवड्यात फळीवर दोन वह्या शेजारी पडल्या.
एक ग्रंथालयाची, थकलेल्या सभासदांची:
द्वारका लोटलीकर, नौपाडा.
भूगोलाचं पुस्तक, घडीच्या नकाशासह.
स्मरणपत्रं तीन. उत्तर नाही.
दुसरी इस्पितळाची, बायकांच्या बाजूची:
नाव सांगते द्वारका. वय अंदाजे पन्नास.
सोबतच्या वस्तू: चष्मा, एक काडी तुटलेली.
पुस्तक एक. नकाशा आहे.
शेवटचा रकाना, ‘न्यायला आलेले’.
त्यात टाकानं ओढलेली
एक आडवी रेघ.

टोचा हातात तसाच राहिला.
दोन्ही वह्यांत अंतर किती,
माझ्या फळीवर चार बोटं,
रस्त्यानं पायी पाऊण तास.
मासुंद्याला वळसा घालून गेलं तरी
तासाच्या वर नाही.
एवढ्यात तीन स्मरणपत्रं
हरवली होती.

शुक्रवारी ग्रंथालयाचे दामले वही न्यायला आले.
मी चव्वेचाळीस रुपये मोजून पुढे ठेवले.
दंड आणि किंमत, म्हटलं, लोटलीकरबाईंचे.
तुमच्या कोण?
नातं आहे.
चष्म्यावरून बघत म्हणाले,
आडनाव जुळत नाही, हनोखशेठ.
म्हटलं, गाव जुळतं.
त्यांनी पावती फाडली.
पुस्तक राहिलं तिच्याकडे.
कुठली नदी कुठे मिळते
ते कुणाला तरी बघता येत असेल
रात्रीच्या गोळ्यांआधी.

पुढल्या वर्षीच्या वहीत तिचं नाव होतं.
त्याच्या पुढल्याही.
मग नव्हतं.
शेवटच्या रकान्यात काय लिहिलं होतं
ते विचारू नका.
बाइंडरनं वाचायचं नसतं.

आता वह्या येत नाहीत.
सगळं कॉम्प्युटरवर, म्हणे, सुरक्षित.
कामतेकरचा मुलगा दिसतो कधी जांभळी नाक्याला,
मान हलवतो, हात रिकामे.
शहर घोडबंदरकडे सरकलंय,
माझ्या दुकानाला पाठ करून.
काल तिकडून एक पोरगा आला,
हातात घराच्या कराराचे कागद,
काका, लॅमिनेशन होतं का?
होतं, म्हटलं.
मशीन घेतलंय मागच्या दिवाळीत.
शिवण नाही, खळ नाही,
वाळायची वाट बघणं नाही.
दोन मिनिटं बस.